पाय उचलतो का?

जगातलं नवं संगीत शुक्रवारी येतं. १० जुलै २०१५पासून ध्वनिमुद्रण कंपन्यांनी बहुतेक देशांसाठी हा एकच वार ठरवून घेतला आहे. गुरुवारची मध्यरात्र उलटली की नवा अल्बम फोनवर उतरतो आणि शनिवारी दुपारपर्यंत मुंबई-पुण्यातल्या रसिकांत त्यावरून दोन तट पडलेले असतात. मराठी कानांना ही ओढ नवी नाही. १ एप्रिल १९५५ हा दिवसही शुक्रवारच होता. त्या दिवशी पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायणा’तलं पहिलं गीत ऐकू आलं आणि पुढं १९ एप्रिल १९५६पर्यंत एकेक करत ५६ गीतं आली. या आठवड्याला गदिमांनी काय लिहिलं, बाबूजींनी चाल कशी बांधली, मागच्या गाण्याहून हे सरस की उणं, यावर वाड्यांच्या ओट्यांवर वाद रंगायचे. त्या वादांच्या आठवणी आमच्या घरातली वडीलधारी माणसं फार जिव्हाळ्यानं सांगत.

भामरागडला नवं गाणं बाजाराच्या दिवशी येतं.

आलापल्लीहून निघालेला रस्ता सागाच्या जंगलातून हेमलकशाला पोचतो. तिथून थोडं पुढं गेलं की पर्लकोटा नदीवरचा पूल लागतो. जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात पाण्याखाली जायचा आणि भामरागड जगापासून तुटायचं. पर्लकोटा, पामुलगौतम आणि इंद्रावती या तीन नद्या भामरागडला एकमेकींना भेटतात. इंद्रावतीच्या पलीकडं छत्तीसगड. दक्षिणेला सिरोंच्याच्या बाजूनं तेलंगण. गडचिरोली जिल्ह्यात सात भाषा नांदतात: गोंडी, माडिया, मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि छत्तीसगढी. बाजारात मीठ, मिरची, सुकी मासळी, मोहफुलं, लुगडी यांच्या पालांशेजारी मोबाइलवाल्याचं एक पाल असतं. चार्जर, कव्हर, काचा आणि गाणी. मेमरी कार्ड द्यायचं, थोडे पैसे द्यायचे आणि तासाभरानं भरलेलं कार्ड घेऊन जायचं, ही चाल इथं बरीच वर्षं होती. आता टॉवर वाढलेत. तरी आतल्या गावांत गाणं अजून या फोनमधून त्या फोनमध्ये, माणसाला माणूस भेटेल तसंच जातं. शुभ्रांशू चौधरींच्या ‘सीजीनेट स्वरा’नं याच वाटेनं गोंडीत बातम्या पोचवल्या. ब्लूटूथला गावकरी जसं म्हणत तेच नाव त्यांनी त्या उपक्रमाला दिलं, ‘बुल्टू रेडिओ’.

मी संगीतावर लिहितो. नवे अल्बम ऐकायचे, त्यांवर मत बनवायचं आणि ते छापायला द्यायचं, हे माझं काम. हेमलकशाला मी जातो तो तिथल्या एका मित्रामुळं. पण गेल्या काही वर्षांत या कामाबद्दल मला जे उमगलं, त्यातलं बरंचसं याच रस्त्यावर उमगलं. म्हणून हे लिहितो आहे.

आलापल्ली-भामरागड रस्त्यावर काळी-पिवळी चालवणारा एक तरुण आहे. बोलणं झाडीपट्टीचं, आई तेलुगू, दोस्त सगळे माडिया. त्याच्या गाडीत एक मोठा स्पीकर आहे आणि त्या स्पीकरमुळं नकळत एक अधिकार त्याच्याकडं आला आहे. नवं गाणं या भागातल्या पुष्कळ लोकांच्या कानावर पहिल्यांदा पडतं ते त्याच्या गाडीत. मी त्याला विचारलं, कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं काढून टाकायचं, हे तू कसं ठरवतोस? तो म्हणाला, “मी कायले ठरवू जी? दोनदा लावतो. तिसऱ्यांदा मागून कोणी लाव म्हटलं, का गाना पास.”

आणि नाही म्हटलं तर?

“त मंग पाय उचलत नाही त्या गान्यात.”

हा निकष पुढं मला अनेकांच्या तोंडून ऐकायला मिळाला. आवाज चांगला आहे, चाल चांगली आहे, पण पाय उचलत नाही. याचा अर्थ गाणं नाचाचं नाही इतकाच घेतला तर आपण फसतो. एका मुलानं मला एक संथ, रडवेलं छत्तीसगढी गाणं ऐकवलं आणि म्हणाला, सर, याच्यात पाय उचलतो. विरहाचं गाणं होतं. त्यात ताल होता तो दुरून चालत येणाऱ्या माणसाचा. इथं माणसं चालतात. दवाखान्यात यायचं तर चालत, बाजाराला चालत, लग्नाला रात्रभर चालत. गाणं सोबतीला घेऊन चालता आलं पाहिजे, अशी ही अपेक्षा आहे. आमच्या लेखनात लय, ठेका, गती असे शब्द येतात, पण ऐकणाऱ्याच्या अंगात ते गाणं किती अंतर टिकतं, हे आम्ही क्वचितच विचारतो.

आता त्या कार्डात काय काय असतं ते सांगतो. मी पाहिलेल्या एका कार्डात ‘सैराट’ची चारही गाणी होती. अजय-अतुल यांनी २०१६च्या त्या चित्रपटासाठी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिम्फनी वाद्यवृंद वाजवून घेतला होता. तो वाद्यवृंद इथं एका लहानशा स्पीकरमधून, मध्येच खरखरत, मोहाच्या झाडाखाली ऐकू येत होता. त्याच्या मागोमाग तेलुगू चित्रपटगीतं. मग गोंडी गाणी, त्यांच्या खाली डीजेचा ठोका घातलेला. मग भोजपुरी. मग भीमगीतं. मग एक रॅप. आणि या सगळ्यांच्या मध्ये कुणीतरी फोनवरच टिपलेला, कुत्र्याच्या भुंकण्यासकटचा, एका लग्नातला रेला, म्हणजे माडियांचं नाचाचं गाणं.

अशोक दा. रानडे यांनी संगीताच्या कोटी पाडताना आदिम, लोक, भक्ती, कला आणि जन अशी विभागणी केली आणि मराठीतल्या संगीतविचाराला एक मोठं अंगण मिळवून दिलं. त्यांच्याआधी आपल्याकडं संगीत म्हटलं की रागसंगीत, आणि बाकीचं सगळं ‘इतर’. रानड्यांच्या या कामाचं ऋण मी रोज मानतो. पण काळी-पिवळीतल्या त्या कार्डात या सगळ्या कोटी एकाच बैठकीला बसलेल्या असतात आणि ऐकणारा कुणालाही खालच्या पायरीवर बसवत नाही. तो गाणी वेगळी करतो ती वापरावरून. हे लग्नातलं, हे गाडीतलं, हे रात्री एकट्यानं ऐकायचं, हे दारू प्यायलेल्या माणसाला ऐकवू नये असं. शहरातला रसिक स्वतःच्या दालनातून फारसा बाहेर पडत नाही. ख्यालाचा माणूस रॅपवर बोलत नाही, रॅपचा मुलगा नाट्यसंगीताकडं फिरकत नाही. सात भाषांच्या मुलखात वाढलेल्या पोराला ही कुंपणं ठाऊकच नसतात. सहा अनोळखी भाषांतलं गाणं चालीवरून पारखायचा सराव त्याला लहानपणापासून असतो. महाराष्ट्रातला सगळ्यात रुंद कानाचा श्रोता शोधायचा असेल तर मी भामरागडचं नाव घेईन, आणि हे मी पूर्ण विचारानं म्हणतो.

हेमलकशाच्या कामाची सुरुवातसुद्धा ऐकण्यापासूनच झाली होती. २३ डिसेंबर १९७३ला बाबा आमट्यांनी इथं लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे इथं राहायला आले तेव्हा वीज नव्हती, धड रस्ता नव्हता, आणि समोर येणाऱ्या माडिया रुग्णाची भाषाही ठाऊक नव्हती. दुखतं कुठं, हे कळायलाच आधी माडिया कानात साठवावी लागली. १९७६मध्ये शाळा सुरू झाली. तिथं शिकून गेलेली माणसं आता डॉक्टर, शिक्षक, वनरक्षक, पोलीस झाली आहेत, आणि संध्याकाळी त्यांच्यातल्या कुणाशी गप्पा मारत बसलं की गाण्याचा विषय निघतोच.

रेल्याबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं.

माडियांच्या गावात लग्न असो की पंडुम, म्हणजे सण, रात्री ढोल वाजू लागले की माणसं रांगा धरतात. बायकांची रांग, पुरुषांची रांग, हात एकमेकांच्या कमरेभोवती किंवा खांद्यावर. पावलं बाजूला सरकत राहतात, रांग वळते, तिचं वर्तुळ होतं. एकीनं ओळ टाकायची, बाकीच्यांनी ती उचलायची. दोन ओळींच्या मध्ये रेला हे धृपद येतं आणि त्याचे लांब स्वर जंगलात दूरपर्यंत जातात. जुनी गाणी असतात, पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. पण रात्र चढते तशी नवी ओळही पडते. आज रस्त्यावर काय झालं, पूर आला तेव्हा कोण अडकलं, नवरीच्या गावचे पाहुणे कसे उशिरा पोचले, साहेबांची जीप चिखलात कशी रुतली. कुणीतरी ती ओळ त्या क्षणी जुळवते आणि रांगेत टाकते.

आणि मग जे घडतं ते मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा समीक्षेबद्दलच्या माझ्या कल्पना हलल्या. रांग ती ओळ उचलते, किंवा उचलत नाही. उचलली तर चाळीस-पन्नास गळ्यांतून ती परत येते, दुसऱ्यांदा अधिक मोकळी, तिसऱ्यांदा जणू कायमची होती अशी. नाही उचलली तर रेल्याच्या स्वरांत ती विरून जाते आणि दुसरी कुणी दुसरी ओळ टाकते. कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. ओळ टाकणारीची मान खाली जात नाही, कारण तिचे हात दोन्हीकडच्या कमरांभोवती असतात आणि पावलं चालूच असतात. तिला वर्तुळातून बाहेर पडावं लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट आहे. जिला ती ओळ आवडली, तिनं ती गायली. म्हणजे आवडल्याचं सांगायला तिला स्वतःचा श्वास खर्चावा लागला. पुढच्या महिन्यात ती दुसऱ्या गावाला लग्नाला जाईल तेव्हा ती ओळ तिच्याबरोबर जाईल, आणि तिथं ती चांगली की वाईट याची जबाबदारी आता तिची. नव्या गाण्याला पसंती देणं म्हणजे ते वाहून नेण्याचं काम अंगावर घेणं. माझ्या धंद्यात आम्ही पाचापैकी किती तारे ते देतो आणि पुढच्या शुक्रवारकडं वळतो. ज्या अल्बमला मी एखाद्या वर्षी पूर्ण तारे दिले, त्यातलं एखादं गाणं आज मला तोंडपाठ आहे का, ही कसोटी मी आता स्वतःला लावतो. फार थोडे अल्बम तिला उतरतात. त्यांच्याविषयीच लिहावं, असं मला अलीकडं तीव्रतेनं वाटतं.

श्रोत्यानं असा उघड कौल देण्याची रीत मराठी रंगभूमीवरही होती. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ पडायचा आणि बालगंधर्वांना तेच पद पुन्हा म्हणावं लागायचं. मुंबई-पुण्याच्या नाट्यगृहांत आता तो क्वचित ऐकू येतो. पण याच गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेला, देसाईगंज म्हणजे वडसा भागात, झाडीपट्टी रंगभूमीवर तो अजून जिवंत आहे. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतल्या गावांत नाटकांचा हंगाम सुरू होतो. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतींच्या निमित्तानं पाहुणे आलेले असतात. नाटक रात्री उशिरा उभं राहतं आणि पहाटेपर्यंत चालतं. मध्ये मध्ये गाणी हवीतच. त्यात त्या वर्षी गाजलेल्या चित्रपटातलं गाणंही येतं. डिसेंबरच्या कडाक्याच्या थंडीत, रात्री दोन वाजता, घोंगडी पांघरून बसलेला शेतकरी त्या गाण्याला वन्स मोअर देतो किंवा शेजाऱ्याकडून तंबाखू मागून घेतो. गायिकेला दोन्हींचा अर्थ लगेच कळतो. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा या रंगभूमीचं नाव राज्यभर छापून आलं. या मान्यतेला फार उशीर झाला होता. त्या थंडीत बसलेल्या प्रेक्षकाला आपण कशाची दाद देतो हे कित्येक दशकं माहीत होतं.

‘आरआरआर’ हा चित्रपट २५ मार्च २०२२ला आला. त्यातलं ‘नाटू नाटू’ हे गाणं पुढच्या वर्षी ऑस्करच्या मंचावर पोचलं आणि देशभर त्याचं कौतुक झालं. या भागात मात्र चर्चा दुसऱ्याच गाण्यांची होती, आणि ती का होती हे समजून घेण्यासारखं आहे. चित्रपटाचा एक नायक कोमराम भीम. खरा भीम आदिलाबादच्या जंगलातला गोंड पुढारी. निजामाच्या अमलाविरुद्ध जल, जंगल, जमीन यांसाठी तो उभा राहिला आणि १९४०मध्ये जोडेघाटला मारला गेला. तरुणपणी त्यानं चंद्रपुरात आसरा घेतला होता असं सांगतात. आज त्याच्या नावाचा जिल्हा तेलंगणात आहे, आणि प्राणहिता ओलांडली की तो लागतो. म्हणजे हा पडद्यावरचा परका वीर नव्हे, नदीपलीकडच्या घरचा माणूस.

आता त्या चित्रपटाची सुरुवात आठवा. गोंड पाड्यावर मल्ली नावाची एक लहान मुलगी गाते आहे आणि गाता गाता एका इंग्रज बाईच्या हातावर नक्षी काढते आहे. बाईला ते गाणं आणि ती नक्षी इतकी आवडते की ती मुलीलाच उचलून दिल्लीला घेऊन जाते. मुलीच्या आईपुढं नाणी टाकली जातात. आईला वाटतं, गाण्याची बक्षिशी मिळाली. ती मुलीची किंमत असते.

हेमलकशाजवळच्या एका गावात काही तरुणांबरोबर मी या चित्रपटाच्या गाण्यांबद्दल बोलत होतो. भीमाला फटके मारले जात असताना त्याच्या तोंडी जे गाणं आहे, त्यावर वाद चालला होता. एम. एम. कीरवाणींचं संगीत, सुद्दाला अशोक तेजांचे शब्द, काल भैरवचा आवाज. त्या गाण्यासाठी काल भैरवला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकजण म्हणाला, हे आपल्या माणसाचं गाणं आहे, ऐकताना अंगावर काटा येतो. दुसरा म्हणाला, आपल्या माणसाचं आहे तर आपल्या भाषेत का नाही? तो तेलुगूत रडतो, हिंदीत रडतो, गोंडीत का रडत नाही? तिसरा शाळेत शिकवतो. तो म्हणाला, गोंडीत केलं असतं तर पाहिलं किती लोकांनी असतं? त्यावर पहिला काही बोलला नाही. मग एका मुलीनं, जी इतका वेळ फक्त ऐकत होती, मल्लीचा विषय काढला. ती म्हणाली, त्या बाईला गाणं खरंच आवडलं होतं. तेच वाईट झालं.

नव्या अल्बमांवर मी पुष्कळ वाचलं आहे, ‘आरआरआर’च्या संगीतावर तर देशी-विदेशी कितीतरी. या एका वाक्याइतकं खोल गेलेलं मला त्यात काही सापडलं नाही. आवड निर्मळ असू शकते आणि तरीही ती उचलून नेऊ शकते. त्या बाईनं दाद दिली, मोल दिलं आणि गाणारीला तिच्या रांगेतून तोडलं. आदिवासी संगीताला आजवर मिळालेल्या कौतुकाचा मोठा भाग याच जातीचा आहे. चाल आवडली, घेतली. नृत्य आवडलं, प्रजासत्ताक दिनाला दिल्लीला नेलं. ठोका आवडला, गाण्याखाली घातला. गाणारीचं नाव विचारायचं मात्र राहून गेलं.

या मुलखात गाण्याची आवड नेहमीच इतकी मोकळेपणानं बोलता येत नव्हती, हेही इथं सांगितलं पाहिजे. तेलुगू भागात गद्दर आणि जननाट्य मंडळीनं लोकचालींवर बांधलेल्या गाण्यांनी एका काळी लाखो माणसांना हलवलं. जंगलातल्या नक्षल चळवळीनं गोंडी-माडिया चाली उचलल्या आणि प्रचाराला लावल्या. सरकारच्या बाजूनंही त्याच चालींवर आपली गाणी बसवली. मधल्या गावकऱ्याला आपलंच गाणं दोन्हीकडून ऐकू येऊ लागलं, शब्द तेवढे बदललेले. कुणाच्या फोनमध्ये कोणतं गाणं आहे, हा प्रश्न इथं बराच काळ नुसता आवडीचा नव्हता. एका प्रौढ माणसानं मला सांगितलं की कित्येक वर्षं तो नव्या गाण्यावर काही बोलायचाच नाही, चांगलं की वाईट विचारलं तर हसायचा. आता तो बोलतो. जोरात बोलतो, वाद घालतो, नव्या पोरांच्या डीजेला नावं ठेवतो. त्याला वाद घालताना ऐकणं मला फार आनंदाचं वाटतं. नव्या गाण्यावर निर्धास्तपणे मत देता येणं ही केवढी मोठी गोष्ट आहे, हे शुक्रवारच्या रसिकांना सहसा जाणवत नाही.

नावांकडं परत येतो. त्या कार्डातल्या तेलुगू गाण्यांना चित्रपटाचं नाव होतं, गायकाचं होतं. ‘सैराट’च्या गाण्यांना होतं. गोंडी आणि माडिया गाण्यांची नावं बहुतेक नुसते आकडे होते, किंवा ज्यानं ठोका घातला त्या डीजेचं नाव. मूळ गाणारी बाई कुठल्या गावची, ढोल कुणाचा, ओळ कुणी जुळवली, काहीच नाही. लोकसंगीत म्हणजे कुणाचंच नसलेलं संगीत, असं आपण इतकी वर्षं म्हणत आलो की आता त्याला कायद्यासारखं वजन आलं आहे. खरा कायदा वेगळं सांगतो. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीनं गाणाऱ्या-वाजवणाऱ्याचा हक्क स्वतंत्रपणे मान्य केला आहे. आणि रेल्याच्या रांगेत उभं राहून विचारलं तर पंधरा जणी सांगतील, ही ओळ त्या गावच्या अमकीची, तिच्या बहिणीच्या लग्नात पडलेली. कर्ती अज्ञात नसते. विचारणारे वर्तुळाबाहेर उभे असतात.

गाणाऱ्याचं नाव गाण्याबरोबर देता येतं, याची उदाहरणं आहेत. मुंबईच्या ‘स्वदेसी’ या रॅप गटानं २०१९मध्ये आरेच्या जंगलावर ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं तेव्हा आरेतल्या पाड्यावरचे प्रकाश भोईर त्यात स्वतः गायले आणि गाण्यावर त्यांचं नाव ठळक आलं. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळ आनंदवनात डॉ. विकास आमट्यांनी २००२मध्ये ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलावंत त्यात मंचावर उभे राहतात आणि त्यांची ओळख करून दिली जाते. दोन्ही प्रयत्न एकमेकांपासून फार दूर आहेत, पण गाणं ज्याचं आहे तो माणूस गाण्याबरोबर दिसला पाहिजे, ही शिस्त दोन्हीत आहे. कुमार गंधर्वांनी देवासला आजारपणात माळव्यातल्या बायकांची गाणी ऐकली, त्यांतून धुनउगम रागांची वाट काढली, आणि ती वाट कुठून आली हे ते मोकळेपणानं सांगत राहिले. त्यांच्या थोरवीत या सांगण्याचाही वाटा आहे, असं मी मानतो.

गोंडी बोलणारे २०११च्या जनगणनेत २९ लाखांच्या वर होते. ही भाषा आठव्या अनुसूचीत नाही. जगदलपूर आणि आदिलाबादच्या आकाशवाणी केंद्रांनी तिला थोडी जागा दिली, मराठी नियतकालिकांच्या संगीताच्या पानांनी जवळजवळ दिलीच नाही. आणि या भाषेत आज भरभरून नवी गाणी होत आहेत. लग्नसराईच्या आधी तर दर आठवड्याला. वीर बाबुराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ला चंद्रपुरात फाशी दिलं गेलं, त्यांच्यावर नवी गाणी होतात. प्रेमाची होतात, मोहफुलाची होतात, नोकरी न मिळालेल्या पदवीधराची होतात. त्यांतली काही कच्ची असतात. आवाज यंत्रानं इतका घासलेला असतो की गाणारी कोण हे तिच्या आईलाही ओळखू येऊ नये. चालीच्या खाली घातलेला ठोका पुष्कळदा रेल्याच्या पावलाला धरून नसतो आणि मग वय झालेली माणसं म्हणतात, यात पाय उचलत नाही. त्यांचं म्हणणं बरोबर असतं. हे कुणीतरी छापून म्हणायला हवं, जसं आपण पुण्यात झालेल्या अल्बमबद्दल म्हणतो, तितक्याच गांभीर्यानं आणि तितक्याच प्रेमानं. कौतुकाच्या दोन ओळी फेकून या गाण्यांचं भलं होणार नाही. त्यांना चांगल्या-वाईटाचा निवाडा करणारा श्रोता हवा आहे, आणि तो भामरागडात आहे.

म्हणून माझं मागणं दोघांकडं आहे. पहिलं, दिवाळी अंकांच्या आणि पुरवण्यांच्या संपादकांकडं. वर्षाच्या शेवटी नव्या अल्बमांचा आढावा छापाल तेव्हा गोंडी-माडिया गाण्यांसाठी एक पान ठेवा आणि ते पान आम्हा शहरातल्या लेखकांकडून लिहून घेऊ नका. हेमलकशाच्या शाळेतून शिकून गेलेली, मराठी आणि माडिया दोन्हीत लिहिणारी मुलंमुली आहेत. त्यांच्याकडून घ्या, त्याचं मानधन द्या. दुसरं मागणं वाचकांकडं. तुमच्याकडं एखादं आदिवासी गाणं आलं, आवडलं आणि पुढं पाठवावंसं वाटलं, तर आधी ज्यानं पाठवलं त्याला विचारा, कोण गातंय आणि गाव कुठलं. त्याला ठाऊक नसेल तर त्याला पुढं विचारायला सांगा. नाव मिळालं की ते गाण्याबरोबर लिहा, मग पाठवा.